फ्रँकलिनची सुवचनं की फ्रँकलिनचा धंदा? (अमेरिकन वसाहतींतले आल्मनॅक आणि छापखाने)

बोरूबहाद्दर
मंडळी, बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की पतंग, वीज आणि शंभर डॉलरची नोट आठवते. त्यापुढे फार तर लवकर निजण्या-उठण्याची सुवचनं. पण ती सुवचनं ज्यात छापून यायची ते 'पुअर रिचर्ड' हे पुस्तक मुळात वर्षाचं पंचांग, म्हणजे आल्मनॅक होतं. १७३३ सालाचा पहिला अंक डिसेंबर १७३२ मध्ये फिलाडेल्फियात निघाला, शेवटचा १७५८ सालाचा. फ्रँकलिन आत्मचरित्रात म्हणतो की वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती खपायच्या.

माझं मत असं की गिऱ्हाईक सुवचनांसाठी येत नव्हतं. त्याला सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, ग्रहणं, कोर्टाच्या तारखा आणि जत्रा हव्या होत्या. सुवचनं म्हणजे तारखांच्या मधल्या रिकाम्या जागांतली भरती. हे मी नाही, खुद्द फ्रँकलिनच लिहून गेलाय. आपण मात्र भरतीचं देव्हाऱ्यात पूजन करतो आणि तक्ते विसरतो.

दोन प्रश्न आहेत. पुस्तकं फारशी न छापणारे हे छापखानेवाले आल्मनॅक मात्र हमखास का काढत? आणि त्यातल्या हवामानाच्या, ग्रहांच्या भाकितांवर लोकांचा खरंच विश्वास होता का?

उंडगा
मी पयला! आता वाचतो.

जुना_कंपोझिटर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही छापखानेवाला झोपेतसुद्धा देईल. आमच्या घरी ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छोटं छपाईयंत्र) होतं. घर चालायचं ते लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हँडबिलांवर. पुस्तक छापणं ही हौस, आणि हौसेला उधारीचा शाप. वसाहतींत याहून वाईट. खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) इंग्लंडहून जहाजाने यायचे. मोठं पुस्तक हातात घेतलं की शिसं आणि कागद दोन्ही महिनोन्‌महिने अडकले, आणि शेवटी तेच पुस्तक लंडनहून आलेलं स्वस्त पडणार. कागदाचीही मारामार. पहिली कागद गिरणी विल्यम रिटनहाउसने १६९० मध्ये फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला घातली, आणि तिचा कच्चा माल काय, तर लोकांच्या घरातल्या लिननच्या चिंध्या. त्या गोळा करणं हा एक वेगळाच उद्योग.

अशा परिस्थितीत आल्मनॅक बघा: चोवीस पानं, दीड ताव कागद. घरोघरी एक लागणारच. आणि सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे ३१ डिसेंबरला माल आपोआप बाद होतो, गिऱ्हाईक पुन्हा दारात. कुठल्या प्रकाशकाला असं पुस्तक नको?

फक्त जुळणी जीवघेणी. तक्ता जुळवताना आकड्यांचे खिळे बघता बघता संपतात, आणि इथे तर राशी-ग्रहांची चिन्हंही लागणार. आमच्याकडे तक्त्याचं काम आलं की कंपोझिटर (खिळे जुळवणारा) आधी दर ठरवायचा, मग खिळ्यांच्या पेटीला हात लावायचा.

उंडगा
वाचलं. दहा हजार प्रती लाकडी यंत्रावर? किती दिवस लागत असतील?

जुना_कंपोझिटर
उंडगाभाऊ, हिशोब करू. दीड ताव दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रतीमागे तीन छाप. दहा हजारांचे तीस हजार. दोन माणसं लागतात, एक शाई लावणारा आणि एक दांडा ओढणारा. चांगली जोडी तासाला दोनशे-अडीचशे छाप काढायची. दोनशे धरले तर दीडशे तास. दिवसाला दहा तास जुंपले तर पंधरा दिवस, तेही अखंड. कागद आदल्या दिवशी ओलवून ठेवायचा, छापून झाला की दोरीवर वाळत घालायचा. शाई म्हणजे जवसाचं तेल आणि काजळी. ती लावायचे कातडी गोळ्यांनी, आणि कातडं मऊ राहावं म्हणून ते गोळे रात्री मुतात भिजवत. त्यामुळे छापखान्याच्या रम्य वासाबद्दल कुणी कविता करणार असेल तर आधी हे लक्षात घ्यावं.

अनुपमा_न
जेवताना वाचत होते हो!!

तारे_मोजणारी
बोरूबहाद्दर, धागा आवडला. पण तुम्ही तक्त्यांची बाजू घेताय, तर तक्ते करणाऱ्यांनाही थोडी जागा द्या. गणित छापखानेवाला करत नसे.

इंग्रजी वसाहतींतला पहिला छापखाना मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. त्याने सुरुवातीला जे छापलं त्यात १६३९ सालाचा आल्मनॅक होता. तो रचला विल्यम पिअर्स नावाच्या जहाजाच्या कप्तानाने, ज्याचं पोट चंद्र आणि भरतीवर अवलंबून. प्रत एकही उरलेली नाही. पुढे हे काम हार्वर्डच्या तरुण पदवीधरांकडे गेलं. १६५९ च्या आल्मनॅकमध्ये झकरायाह ब्रिग्डनने सूर्य मध्यभागी असल्याची कोपर्निकसची मांडणी समजावून दिली आहे. गॅलिलिओवरच्या खटल्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती, आणि इथे कट्टर प्युरिटन (कडक शिस्तीचा प्रोटेस्टंट पंथ) गावात शेतकऱ्याच्या घरी ही माहिती पोचत होती.

फ्रँकलिनचा 'पुअर रिचर्ड' जन्मला तोही गणितज्ञ हातचा गेल्यामुळे. त्याच्याकडे थॉमस गॉडफ्रे आल्मनॅक रचायचा. त्याचं बिनसलं आणि तो प्रतिस्पर्धी अँड्र्यू ब्रॅडफर्डकडे गेला. हंगाम तोंडावर, हातात काही नाही, तेव्हा फ्रँकलिनने 'रिचर्ड सॉन्डर्स' नावाचा गरीब ज्योतिषी स्वतःच पैदा केला.

आणि मुखपृष्ठावरचा दावा बघा: गणित ४० अक्षांशाचं, पण न्यूफाउंडलंडपासून साउथ कॅरोलिनापर्यंत फारशी चूक न होता चालेल! ऐन उन्हाळ्यात त्या दोन टोकांच्या सूर्योदयात पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

खडूस_पेशवा
म्हणजे गणितही धड नाही, सुवचनंही उसनी (तो स्वतःच कबूल करतो की बरीचशी इकडून तिकडून वेचलेली), ज्योतिषीही खोटा. आणि असा माणूस नोटेवर!

जर्सीकर
पेशवे, थांबा, खरी करामत अजून यायचीय. मी न्यू जर्सीत राहतो. पाहुणे आले की फिलाडेल्फियाला फ्रँकलिन कोर्टमधला छापखाना दाखवायला नेतो, तिथे जुन्या पद्धतीच्या यंत्रावर छापून दाखवतात. पण मला जास्त प्रेम आमच्या जर्सीच्या टायटन लीड्सचं.

लीड्स घराण्याचा आल्मनॅक फ्रँकलिनच्या कितीतरी आधीचा. बाप डॅनियल लीड्सने १६८७ पासून काढला. तो क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होता, पण त्याचं ज्योतिष पंथातल्या वडीलधाऱ्यांना खपलं नाही आणि भांडण विकोपाला गेलं. पुढे मुलगा टायटन गादीवर आला, नाव मोठं, खप चांगला. नव्या भिडूने काय करावं? १७३३ च्या पहिल्याच अंकात रिचर्ड सॉन्डर्सने जाहीर केलं की माझे परममित्र टायटन लीड्स १७ ऑक्टोबर १७३३ रोजी दुपारी ३ वाजून २९ मिनिटांनी, सूर्य-बुधाच्या युतीच्या क्षणी, मरणार. लीड्सच्या स्वतःच्या गणिताने म्हणे ते २६ तारखेपर्यंत जगतील. वाद फक्त नऊ दिवसांचा!

लीड्स भडकला आणि पुढच्या आल्मनॅकमध्ये लिहिलं की मी जिवंत आहे, हा सॉन्डर्स मूर्ख आणि खोटारडा आहे. फ्रँकलिनला हेच हवं होतं. त्याचं उत्तर: माझे मित्र इतके सभ्य होते की अशी भाषा ते कधीच वापरणार नाहीत, अर्थात ते वारले आहेत आणि त्यांच्या नावावर दुसराच कुणीतरी लिहितोय. लीड्स खरोखर गेला १७३८ मध्ये. तरी सुटका नाही. १७४० च्या अंकात त्याचं भूत येऊन कबुली देतं की मी तू सांगितलेल्या वेळीच मेलो होतो, फरक फक्त ५ मिनिटं ५३ सेकंदांचा.

उंडगा
५३ सेकंद! हाहाहा. दंडवत.

खडूस_पेशवा
ही कल्पनासुद्धा त्याची नव्हे. जोनाथन स्विफ्टने १७०८ मध्ये लंडनच्या पार्ट्रिज नावाच्या ज्योतिष्यावर हाच प्रयोग केला होता. आणि गंमत सोडा. प्रतिस्पर्ध्याला सलग काही वर्षं मेलेला ठरवून आपला माल विकणं याला आज आपण काय म्हणू? लीड्सने आयुष्यभर गणितं केली, आणि आज त्याची ओळख काय, तर फ्रँकलिनच्या विनोदातला माणूस.

जर्सीकर
तेवढीच ओळख नाही. आमच्या पाइन बॅरन्सच्या जंगलात पंख आणि खूर असलेला 'जर्सी डेव्हिल' हिंडतो अशी दंतकथा आहे. त्याचं जुनं नाव 'लीड्स डेव्हिल'. क्वेकरांशी झालेलं भांडण आणि आल्मनॅकवरचं घराण्याचं पंखवाल्या प्राण्यांचं चिन्ह यांतून ते नाव चिकटलं असावं असं काही अभ्यासक मानतात. आमची हॉकी टीम त्याच सैतानाच्या नावाची. बापलेकांनी पंचांग काढलं आणि घराणं सैतानात जमा झालं.

अनुपमा_न
या सगळ्यात बायका कुठेच नाहीत का?

तारे_मोजणारी
आहेत, आणि भक्कम आहेत. केंब्रिजचा तो पहिला छापखाना मालकीने एका बाईचा. जोस ग्लोव्हर यंत्र घेऊन निघाला आणि १६३८ मध्ये प्रवासातच वारला. त्याची विधवा एलिझाबेथ हिने तो उभा केला. चालवणारा स्टीफन डे हा व्यवसायाने कुलूपवाला! फ्रँकलिनचा भाऊ जेम्स ऱ्होड आयलंडला 'पुअर रॉबिन' नावाचा आल्मनॅक काढायचा. १७३५ मध्ये तो गेल्यावर त्याची बायको अ‍ॅन हिने न्यूपोर्टचा छापखाना चालवला आणि वसाहतीच्या सरकारी छपाईचं काम मिळवलं.

आणि माझी सगळ्यांत लाडकी, जी कधी अस्तित्वातच नव्हती: रिचर्डची बायको ब्रिजेट. पहिल्या अंकात रिचर्ड सांगतो की मी आकाशाकडे बघत बसतो म्हणून बायकोने पुस्तकं आणि उपकरणं जाळायची धमकी दिलीय, म्हणून हा उद्योग. १७३८ च्या अंकाची प्रस्तावना ब्रिजेटच्या नावाने आहे. नवऱ्याचं हस्तलिखित छापखान्यात धाडण्याआधी तिने उघडून पाहिलं, तर हवामान फारच वाईट. मग तिने मिळेल त्या जागी 'स्वच्छ ऊन', 'प्रसन्न हवा' असं घुसडलं, गृहिणींना कपडे वाळत घालता यावेत म्हणून.

अनुपमा_न
ब्रिजेटताई, माझं मत तुम्हाला!

बोरूबहाद्दर
तारेताई, ही प्रस्तावना माझ्या दुसऱ्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. हवामान बायको बदलते हा विनोद छापता येतो, याचा अर्थ हवामानाचा रकाना वाचकही गंभीरपणे घेत नसणार. पटतंय का?

गोंयचो_पात्राव
मध्येच तोंड घालतो. केंब्रिजच्या १६३८ चं एवढं कौतुक चाललंय, पण गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापून झालं, तेव्हा ते प्युरिटन इंग्लंडहून निघालेसुद्धा नव्हते.

खडूस_पेशवा
पात्रांव, बरोबर. पण गोव्यात छापखाना पाद्र्यांच्या हातात राहिला, तिथे तो बाजारात उतरला. फरक तोच. अर्थात सगळीकडे नव्हे. व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली १६७१ मध्ये लिहितो की देवाच्या कृपेने आमच्याकडे फुकट शाळाही नाहीत आणि छपाईही नाही. १६८२ मध्ये विल्यम नटहेडने तिथे यंत्र लावलं, ते बंद पाडलं गेलं, आणि तो मेरिलँडला गेला. त्याच्यामागे छापखाना त्याची बायको डायनाकडे आला. अनुपमाताई, ही आणखी एक.

वकिली_बाणा
कोर्टाच्या तारखांचा उल्लेख झाला म्हणून आलो. आल्मनॅकवर कर बसला होता हे कुणीच कसं लिहिलं नाही? १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट. तावाच्या एका बाजूला छापलेल्या आल्मनॅकवर २ पेन्स, बाकी सगळ्यांवर ४ पेन्स. वस्तू मुळात काही पेन्सची! वर्तमानपत्रांवर कर, जाहिरातींवर कर, कायदेशीर कागदांवर कर. पुन्हा शिक्का मारलेला कागद सरकारकडूनच घ्यायचा. अंमल १ नोव्हेंबरपासून, म्हणजे पुढच्या वर्षाचे आल्मनॅक बाजारात यायच्या ऐन हंगामात. ज्यांच्या हातात छपाई आहे अशा लोकांच्या आणि वकिलांच्या पोटावर एकाच वेळी पाय देणं ही लंडनची अफाट बुद्धिमत्ता. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला.

आणि फ्रँकलिनभक्तांसाठी: साहेब तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी विरोध केला, पण कायदा झाल्यावर आता तो राबणारच असं धरून पेनसिल्व्हेनियाचा स्टॅम्प अधिकारी म्हणून आपल्या मित्राचं, जॉन ह्यूजचं, नाव पुढे केलं. फिलाडेल्फियात लोक इतके खवळले की फ्रँकलिनच्या घरावर चालून जायची भाषा झाली. बायको डेबोरा बंदुका जमवून घरात ठाण मांडून बसली.

खडूस_पेशवा
बघा. मी म्हणत होतो.

जुना_कंपोझिटर
पेशवे, तुमचं फ्रँकलिनशी काही जुनं वैर आहे का? ब्रॅडफर्ड पोस्टमास्तर असताना त्याने टपालवाल्यांना फ्रँकलिनचं वर्तमानपत्र न्यायला मनाई केली होती. फ्रँकलिन त्यांना चोरून पैसे चारून अंक पाठवायचा. १७३७ मध्ये तो स्वतः पोस्टमास्तर झाला. धंदा असाच चालायचा, सगळ्यांचाच.

उंडगा
एक शंका. १७५२ मध्ये ११ दिवस गायब झाले म्हणतात. तेव्हा आल्मनॅकवाल्यांनी काय केलं?

तारे_मोजणारी
ब्रिटनने आणि वसाहतींनी ग्रेगरियन कॅलेंडर घेतलं, म्हणून २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. त्या वर्षीचा सप्टेंबर १९ दिवसांचा छापावा लागला. शिवाय कायदेशीर वर्ष तोवर २५ मार्चला सुरू व्हायचं, ते १ जानेवारीला आणलं. हे सगळं सामान्य माणसाला समजावलं ते आल्मनॅकनेच, फ्रँकलिननेही १७५२ च्या अंकात ते उलगडून सांगितलं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्याने २२ फेब्रुवारी १७३२ चा. माणूस तोच, तारीख वेगळी, सालही वेगळं.

उंडगा
आमच्या आजीच्या दोन जन्मतारखा आहेत, तिलाही राष्ट्राध्यक्ष करा.

अभ्यासू_आळशी
बेंजामिन बॅनेकरचं नाव अजून कसं आलं नाही? मेरिलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. शेजारच्या एलिकट कुटुंबाकडून पुस्तकं आणि उपकरणं उसनी घेऊन स्वतःच खगोलगणित शिकला. त्याचा आल्मनॅक १७९२ सालापासून निघाला. त्याचं हस्तलिखित त्याने ऑगस्ट १७९१ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनला पाठवलं आणि सोबतच्या पत्रात विचारलं की सगळी माणसं समान असं लिहिणारे तुम्ही, माझ्या बांधवांना गुलामीत कसे ठेवता?

बोरूबहाद्दर
तेव्हा वसाहती उरल्या नव्हत्या, म्हणून मूळ धाग्यात घेतला नाही. पण जेफरसनसमोर ग्रहणांचं गणित पुरावा म्हणून ठेवणं, याच्यापुढे सगळी सुवचनं फिकी. यावर वेगळा धागा काढाच, आळशीपणा बाजूला ठेवून.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या की!

जुना_कंपोझिटर
विश्वासाचं म्हणाल तर ते नागड्या माणसाचं चित्र बघा. बहुतेक आल्मनॅकांत असायचं: मधे माणूस, भोवती बारा राशी, डोकं मेषेचं, पाय मीनेचे. उपचार म्हणून रक्त काढायची तेव्हा रीत होती; चंद्र कुठल्या राशीत असताना कुठल्या अवयवाचं काढू नये, यासाठी हे चित्र. रचणाऱ्यांपैकी अनेकांना ते थोतांड वाटत होतं. बोस्टनच्या सॅम्युअल क्लाउने १७०३ च्या आल्मनॅकमध्ये चक्क पद्यात लिहिलंय की हे चित्र घालावंच लागतं, नाहीतर आल्मनॅकला टाचणीचीही किंमत नाही, कारण खेड्यातली माणसं राशीला देववाणी मानतात. म्हणजे छापणाऱ्याचा विश्वास नव्हता, घेणाऱ्याचा होता.

तारे_मोजणारी
हे क्लाउचं मत, घेणाऱ्याचं नव्हे. शहरातला शिकलेला माणूस खेड्यातल्याला भोळा समजतो, यात नवीन काय? नॅथॅनियल एम्स घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये डेडहॅमला त्याची खानावळ, शिवाय वैद्यकी. १७२६ सालापासून त्याचा आल्मनॅक, आणि खप फ्रँकलिनच्या कितीतरी पट, पन्नास-साठ हजार सांगतात. त्यात न्यूटनचं विज्ञान आहे, कविता आहेत, औषधं आहेत आणि हवामानाची भाकितंही. एकाच घरात कुणी रास बघत असेल, कुणी ग्रहणाची वेळ, कुणी नुसत्या कविता.

वकिली_बाणा
माझं मत तारेताईंना. पुरावा म्हणजे जुन्या प्रतींवरची शाई. आल्मनॅकच्या मधे कोरी पानं शिवून घ्यायची पद्धत होती. खुद्द वॉशिंग्टनने १७६० च्या दशकात व्हर्जिनिया आल्मनॅकच्या अशाच पानांवर रोजनिशी लिहिली: कुठे गेलो, शेतात काय पेरलं, हवा कशी होती. छापील भाकीत शेजारी आणि प्रत्यक्ष हवा हाताने लिहिलेली! विश्वास ठेवणारा माणूस असा पडताळा घेत बसत नाही.

खडूस_पेशवा
किंवा पक्का विश्वास असणाराच घेतो. आपल्याकडे भविष्य वाचून संध्याकाळी 'बघ, म्हटलं होतं' म्हणणारे काय कमी आहेत?

अनुपमा_न
आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला ती तारीख आणि सासूबाईंची एकादशी एकाच चौकोनात असते. मागचं राशिभविष्य सगळे वाचतात, विश्वास कुणाचाच नाही, आणि ते छापलं नाही तर पहिली तक्रार सासरेबुवांची.

जुना_कंपोझिटर
ते आल्मनॅकही कोपऱ्यात दोरी ओवून खुंटीला टांगत. म्हणूनच धड प्रती कमी उरल्या, कोपरे फाटलेले, पानं काळवंडलेली.

बोरूबहाद्दर
पेशवे आणि तारेताई, तुम्हा दोघांचं जुळणार नाही, राहू द्या. माझ्यापुरतं पटलं ते असं की सुवचनं गाजली ती तक्त्यांच्या आधाराने. १७५८ च्या अंकात फ्रँकलिनने जुन्या अंकांतली काटकसरीची सुवचनं एका म्हाताऱ्याच्या, फादर अब्राहमच्या, भाषणात ओवली. भाषण संपल्यावर लोक काय करतात? माना डोलावतात आणि लगेच समोरच्या लिलावात उधळपट्टीला लागतात. सुवचनांचा परिणाम किती होतो हे ती लिहिणाऱ्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं.

उंडगा
मग रिचर्डने काय घेतलं लिलावात?

बोरूबहाद्दर
नव्या कोटासाठी कापड घ्यायला आला होता, न घेताच परतला. जुनाच कोट आणखी काही दिवस वापरायचं ठरवलं.

खडूस_पेशवा
दहा हजार खप असून?

जर्सीकर
ब्रिजेटने पैसे दिले नसतील.